माणिककाकांचे हिवाळी पिक्चर

जुन्नरहून नारायणगावला येणाऱ्या जीपमध्ये मला ती बातमी कळली. शाळा सुटल्यावर नेहमीसारखी मधल्या सीटवर अंग चोरून बसले होते, मांडीवर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता, आणि ड्रायव्हर शेजारच्या माणसाला सांगत होता, "ताडपत्रीवालं शेठ गेलं की राव. दुपारचं जेवून आडवं झालं, ते उठलंच न्हाईत." मी एकदम "कोण?" असं विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. आमच्या गावात ताडपत्रीवाले शेठ एकच. पण अशा वेळी माणूस एखादी फट शोधतो... दुसरा कुणी असेल, ओतूरचा असेल, आळेफाट्याचा असेल. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "आवो बाई, पिक्चरवालं शेठ. तुमच्या समोरचंच न्हवं का ते?" बाहेर द्राक्षांचे मळे मागं पळत होते, ऊन उतरायला लागलं होतं, आणि माझ्या मनात काय यावं, तर आज काका वेळेत जेवले. आता महिना उलटून गेला तरी त्या विचाराचं मला नवल वाटतं. पण माणिककाकांना ओळखणाऱ्या माणसाच्या मनात दुसरं काही आलं नसतं.

मी बेल्ह्याची. लग्न होऊन नारायणगावात आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या ओट्यासमोर गल्ली ओलांडली की माणिककाकांचा ओटा. त्यांचे आजोबा मारवाडातून आले आणि इथलेच झाले. काकांना मारवाडी यायचं ते फक्त लग्नकार्यापुरतं. हायवेला त्यांचं दुकान होतं. ताडपत्री, सुतळी, टोमॅटोचे क्रेट, द्राक्षाच्या पेटीत घालायचे कागद. तमाशाच्या फडांच्या कनाती शिवायला लागणारं कापडही तेच द्यायचे. दुकानात शिरलं की ताडपत्रीचा तो उग्र, उन्हात तापलेला वास यायचा आणि त्या वासात, गठ्ठ्यांवर मांडी घालून, गिऱ्हाइकाला ताडपत्री मापून देता देता काका सिनेमाविषयी बोलत असायचे. घोडेगावचा शेतकरी असो की मंचरचा व्यापारी, आधी त्याला विचारायचे, "हल्ली काय बघितलं?" आणि मग माल दाखवायचे. बिचारा शेतकरी कांद्यावर टाकायला ताडपत्री न्यायला आलेला असायचा.

सिनेमांची नावं मी इथं मुद्दाम देत नाही. एक तर काका स्वतः कधी नाव घ्यायचे नाहीत. कोर्टाचा पिक्चर, कंदिलाचा पिक्चर, छत्रीवाला पिक्चर, अशीच त्यांची भाषा. आणि दुसरं म्हणजे, ज्या सिनेमांना ते नावं ठेवायचे त्यांचे भक्त अजून ठणठणीत आहेत आणि मला याच गावात राहायचं आहे. जे जे म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं, ते ते काकांना खाली उतरवून ठेवावंसं वाटायचं. कोर्टाच्या पिक्चरवर अख्खा तालुका फिदा होता. त्यात शेवटाकडं न्यायाधीशच ढसाढसा रडतो. काकांचा दुकानाच्या हद्दीवरून कुणाशी तरी दावा चालू होता, त्यामुळं त्यांचं मत पक्कं होतं. "जुन्नरच्या कोर्टात मी लई वर्सं जातोय. जज्ज रडलेला पाह्यला न्हाई. पुढची तारीख देतो फकस्त." सिनेमातल्या पावसाबद्दल तर बोलूच नये. "ह्यो पाइपाचा पाऊस हाय. वारं कुठाय त्यात? असला सरळ पाऊस पडला तर माझ्या ताडपत्र्या कोण घेईल?"

आमचं वाजलं ते कंदिलाच्या पिक्चरवरून. तो माझ्या वडिलांचा जीव की प्राण. नदीकाठी राहणारा नायक, गेलेल्या नायिकेसाठी रोज संध्याकाळी होडीच्या धक्क्यावर कंदील लावतो, आणि खोकतो. माझे वडील तो सिनेमा गावात लागला की दर वेळी बघायचे आणि घरी येऊन कुणाशी न बोलता झोपायचे. मला लहानपणी वाटायचं, मोठं होणं म्हणजे हेच असणार. आणि हे गृहस्थ मला नवी नवरी असताना, पहिल्याच ओळखीत, ओट्यावरून म्हणाले, "लई वाढवून ठिवलाय त्यो पिक्चर. दुःख दारात आलं तर त्याला पाट द्यावा, बस म्हणावं. ह्यो गडी दुःखाला हुडकत गावोगाव फिरतोय. आन् खोकला झालाय तर अडुळसा घे की बाबा!" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सासरी नवीन होते म्हणून गप्प बसले, पण ते दोन-तीन महिनेच. मग पुढं सतरा-अठरा वर्षं आम्ही त्या कंदिलावरून भांडलो. मी म्हणायची, तुम्हाला काळीजच नाही. ते म्हणायचे, काळीज हाय, पण ते काय रुमाल न्हाई दर वेळी पिळायला.

त्यांच्यात, म्हणजे जैनांत, पर्युषण संपलं की एकमेकांची क्षमा मागायचा दिवस येतो. त्या दिवशी सकाळी काका पांढराशुभ्र सदरा घालून गल्लीतल्या प्रत्येक घरी जायचे, आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या घरीसुद्धा, आणि हात जोडून म्हणायचे, "वर्सभरात बोलण्यात काय कमी-जास्त झालं आसंल, मन दुखावलं आसंल, तर माफी असावी. मिच्छामि दुक्कडम्." मी मुद्दाम विचारायची, "कंदिलाबद्दल बोललात, त्याची पण का?" ते हात जोडलेलेच ठेवून म्हणायचे, "तुमचं मन दुखलं त्याची माफी. पिक्चर वाईटच हाय." आणि पुढच्या घरी जायचे. एवढी प्रामाणिक माफी मी दुसऱ्या कुणाकडून घेतलेली नाही.

एक गोष्ट मात्र मला बरीच वर्षं कळली नव्हती. काका सिनेमांची वाटणी करायचे ती उन्हाळी आणि हिवाळी अशी. हंगामी पिकांची असते तशी. मी समजायची, कुठला सिनेमा कधी लागला होता ते लक्षात ठेवायची ही त्यांची रीत असेल. मग एकदा थंडीच्या दिवसांत मी आणि आमचे हे दुपारच्या तीनच्या खेळाला गेलो, तर पुढच्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर काका. मध्यंतर झालं, पुन्हा अंधार झाला, कथा ऐन रंगात आली, नायकाच्या भावाला पोलीस घेऊन चाललेत, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं... आणि काका उठले. टोपी नीट केली, डोअरकीपरनं न विचारता पडदा बाजूला केला, उन्हाची एक पट्टी आत आली आणि काका तिच्यातून निघून गेले. मला वाटलं, बरं वाटत नसेल. पडद्यावर पुढं काय झालं त्यात माझं लक्ष लागेना.

घरी येऊन बघते तर काका जेवून खाऊन ओट्यावर! दिवस नुकताच मावळलेला, गल्लीत चुलींचा धूर खाली बसलेला, दिवे लागायचे होते. पायरीवर काका, त्यांच्यासमोर उंबऱ्यात कंचनकाकी, आणि आत खाटेवर काकांची आजारी आई. तिला एकटं सोडता यायचं नाही, म्हणून काकींचं थिएटरला जाणं कधी झालंच नाही. त्यांचा सिनेमा म्हणजे हाच, ओट्यावरचा. काकांचा चेहरा मला अंधारात दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. पोलीस भावाला घेऊन चाललेत इथपर्यंत सगळं बरोबर होतं. आणि मग काका म्हणाले, "वाटंत पोलिसाच्या जीपचं चाक पंक्चर व्हतं." मी भाजी निवडता निवडता थांबले. असं काही नव्हतंच. भाऊ तुरुंगात जातो, आई वेडी होते, नायक भाषण करतो. काकांच्या सिनेमात मात्र तो भाऊ चाक बदलायला पोलिसाला मदत करत होता, दोघांची गाववाले म्हणून ओळख निघत होती, आणि रस्त्याकडेच्या एका घरातली बाई दोघांना जेवायला बसवत होती. आतून म्हातारीचा आवाज आला, "मंग सोडला का रं त्याला?" आणि काका म्हणाले, "सोडतील. जेवण तर हुंद्या."

दुसऱ्या दिवशी शाळेला जायच्या आधी मी दुकानात जाऊन उभी राहिले. काका समजायचं ते समजले. ते कडक चौविहार पाळायचे. दिवस मावळल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही. उन्हाळ्यात दिवस मोठा, सिनेमा पुरा व्हायचा. थंडीत सहा वाजताच अंधारून येणार, म्हणून पाच वाजले की उठायचं. हिवाळी पिक्चर म्हणजे शेवट नसलेले पिक्चर! मी म्हटलं, "मग डबा न्या की बरोबर." ते सुतळीचा गुंडा हातात फिरवत बसले. "मी खाईन वो डबा. पर कंचन माझ्याबिगर जेवत न्हाई. मी थेटरात बसून खाल्लं तरी तिला काय कळणार, ती वाटच बघणार. आन् दिवस मावळला म्हंजी ती उपाशी." मग म्हणाले, "घरी आल्यावर ती इच्यारती, मग पुढं? तिला काय सांगू, अर्ध्यातनं उठून आलो? तिच्यापायी? तिनं मला परत जाऊच दिलं नसतं." मला हसूही येत होतं आणि कसंतरीही होत होतं. पण संधी सोडेन तर मी कसली. "म्हणजे कंदिलाचा पिक्चर तुम्ही..." "हिवाळी," काका म्हणाले. "शेवट न बघता नावं ठेवता? होडी येते तो शेवटच तर सगळा सिनेमा आहे!" त्यावर त्यांनी शांतपणे ताडपत्रीची घडी घातली. "शितावरनं भाताची परीक्षा. आख्खं पातेलं खायला लागत न्हाई." काकींना काही सांगायचं नाही, एवढं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी ते पाळलं.

तेव्हापासून थंडीतल्या संध्याकाळी मी कामाचं काहीतरी घेऊन ओट्यावर बसायला लागले. अजूनही मला नीट सांगता येणार नाही त्या तासात काय असायचं. धूर, कुणाच्या तरी गोठ्यातली घंटी, हायवेवरून नाशिककडं जाणाऱ्या ट्रकांचा दुरून येणारा आवाज, आणि त्या सगळ्यात काकांचा खालच्या पट्टीतला आवाज, गोष्ट पुढं नेणारा. खून करायला निघालेली माणसं वाट चुकायची. आगगाड्या उशिरा यायच्या आणि म्हणून गाठी पडायच्या. मरायला टेकलेल्या आया पेज पिऊन उठून बसायच्या. काही सिनेमे मी स्वतः पाहिले होते, तरी आज मला त्यांचे काकांचेच शेवट आठवतात. खरे कुठले होते ते आठवावं लागतं. कधी कधी मला वाटतं, मी ते स्वप्नातच पाहिले असावेत.

त्यांचा सगळ्यांत लाडका म्हणजे छत्रीवाला पिक्चर. तो गावात जेमतेम दोन-तीन दिवस टिकला, थिएटरात काका आणि डोअरकीपर. घाटातल्या एका गावात छत्र्या दुरुस्त करणारा माणूस, आणि दर पावसाळ्यात तीच एक मोडकी छत्री घेऊन येणारी बाई. ती नवी छत्री घेत नाही, तो जुनी पक्की दुरुस्त करत नाही. दोघं एकमेकांना काही बोलतच नाहीत, म्हणून काकांना आवडला. "यात एकबी भाषण न्हाई. ह्यो खरा पिक्चर." एका पावसाळ्यात त्याचं दुकान उठणार असतं आणि ती चढण चढून यायला लागते. काकांच्या शेवटात दुकान बंद असतं, ती फळीवर बसून राहते, आणि तो समोरच्या हॉटेलातून दोन चहा घेऊन येतो. बस, एवढाच शेवट. कंचनकाकी तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायच्या. थंडी असो, उन्हाळा असो, एखाद्या संध्याकाळी त्या म्हणायच्या, "छत्रीवालं सांगा." आणि काका सांगायचे.

मग म्हातारी गेली. घराघरात सीडी प्लेयर आले. काकांच्या चिंचवडच्या मुलानंही एक आणून दिला, आणि काकींनी पहिली मागणी केली ती छत्रीवाल्या पिक्चरची. काकांची पाचावर धारण बसली. मिळत नाही म्हणाले, निघालाच नाही म्हणाले, प्लेयरची वायर उंदरानं कुरतडली म्हणाले. शेवटी एका दुपारी दुकानातून मला निरोप आला. मी कधी नव्हे इतकं त्यांना गंभीर पाहिलं. "तिला त्यो एकच पिक्चर लई खरा वाटतो. उद्या दुसरंच काय निघालं तर ती म्हणंल, मंग बाकीचंबी खोटंच व्हतं का? इतक्या वर्सांचं?" त्यांचं म्हणणं, पुण्यातून कुठूनही ती सीडी मिळवून आधी मी बघावी. माझ्या भाच्यानं जुन्या सीड्यांच्या ढिगातून ती शोधून काढली. एका दुपारी दार लावून मी ती पाहिली.

शेवट वाईट होता, म्हणजे दुःखी होता असं नाही, वाईटच होता. ती वर येते तर दुकानात दुसराच माणूस बसलेला, छत्रीवाला लग्न करून निघून गेलेला, आणि मग ती बाई, जिनं अख्ख्या सिनेमात चार वाक्यं बोललेली नाहीत, ती पाइपाच्या सरळ पावसात उभी राहून भलंमोठं भाषण करते. ज्या ज्या गोष्टीला काकांनी जन्मभर नावं ठेवली, ते सगळं तिथं ओळीनं हजर. संध्याकाळी काका आमच्या ओट्यापाशी येऊन उभे राहिले. "येती का ती?" मी म्हटलं, "येते." "आन् त्यो? असतो का तिथं?" मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं... काकांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या." मग आपल्या ओट्याकडं वळता वळता म्हणाले, "सीडी तुमच्यापाशीच ठिवा. कंचनला म्हणायचं, मिळत न्हाई." माझ्या कपाटात साड्यांच्या खाली ती राहिली, आणि काकींनी विचारलं की आम्ही दोघं एका सुरात "मिळत नाही" म्हणायचो. शेवटी शेवटी काकांना थिएटरचे जिने चढवेनात. तरी ओट्यावर बसून नव्या सिनेमांना नावं ठेवणं चालूच होतं, तेही न बघता.

काका गेले, उठावण्याची शोकसभा झाली, पाहुणे पांगले. मागच्या आठवड्यात शाळेतून आले तर कंचनकाकी आमच्या ओट्यावर बसलेल्या. मी पाणी आणलं. त्यांनी पेला हातात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "अलका, ती छत्रीची सीडी लाव. तुझ्याकडं हाय, मला म्हाईत हाय." ज्या माणसानं एवढं सांभाळलं त्याला जाऊन महिना झाला नाही, आणि आता माझ्याच हातून ते मोडायचं? मी चाचरत म्हटलं, "काकी, नका बघू. त्याचा शेवट... काका सांगायचे तसा नाहीये." "मला शेवट कुठं बघायचाय?" त्या म्हणाल्या. "त्यांनी कुठवर बघितला तेवढाच बघायचाय. कुठनं उठून आले ते बघायचंय."

"तुम्हाला माहीत होतं?" काकी जराशा हसल्या. "आगं, बघितलेलं सांगायचे तवा पायरीकडं बघून सांगायचे. आठवून आठवून. आन् मनाचं सांगायला लागले की माझ्याकडं बघून सांगायचे. पहिल्या वर्सापासनं म्हाईत हाय मला." "मग कधी बोलला का नाहीत?" "बोलले असते तर माझ्याकडं बघायचं थांबले असते ना," काकी म्हणाल्या.

मी सीडी लावली. मध्यंतर झालं, छत्रीवाल्यानं हत्यारं गुंडाळून ठेवली, पाऊस आला, ती बाई चढण चढायला लागली. काकी पदर धरून पुढं सरकून बसल्या होत्या. वाऱ्यानं छत्री उलटी झाली, बाईनं ती कशीबशी सरळ केली, आणि काकी म्हणाल्या, "थांबव. इथंच." मी बटण दाबलं. ती बाई चढणीवर तशीच उभी राहिली, छत्री डोक्यावर, एक पाऊल पुढं. काकी कितीतरी वेळ तिच्याकडं बघत होत्या. मग माझ्या हातावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "आत्ता उठले बघ ते... आता घरी यायला निघाले."